आईशेजारची जागा

मार्नी पिकेट लग्नांचे फोटो काढायची. साउथ कॅरोलिनाच्या खाडीकाठच्या त्या भागात लग्न म्हटलं की लोकांना जुने मळेच हवे असत. पांढऱ्या खांबांचा बंगला, दुतर्फा ओकची झाडं, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळ आणि मागे भाताच्या मोडक्या खाचरांत साचलेलं पाणी. तो भात कधीकाळी गुलामांनी पिकवला होता. त्यांची विटांची खोपटं टॉलिव्हर घराण्याच्या मळ्यात अजून ओळीनं उभी होती. संध्याकाळचं ऊन त्या विटांवर इतकं छान पडायचं की मार्नी प्रत्येक जोडप्याला हटकून तिथे उभं करायची. तिच्या वेबसाइटवरचा पहिलाच फोटो तिथला होता.

करोनाच्या साथीच्या वर्षी लग्नं एकामागून एक पुढे ढकलली गेली आणि मार्नी घरी बसली. त्याच उन्हाळ्यात मिनियापोलिसमध्ये एका पोलिसानं एका काळ्या माणसाच्या मानेवर गुडघा दाबून त्याचा जीव घेतला. ते चित्रण तिनं शेवटपर्यंत बघितलं. नंतर बरेच दिवस तिला धड जेवण गेलं नाही. तिच्यासारख्याच गोऱ्या फोटोग्राफर बायकांचा एक गट दर गुरुवारी कॉम्प्युटरवर जमायचा. त्या पुस्तकं वाचायच्या, आपल्या हातून वंशभेद कुठे कुठे घडतो ते एकमेकींना सांगायच्या, कधी रडायच्या. मार्नी त्यात जाऊ लागली. एका गुरुवारी कुणीतरी तिला विचारलं, "तुझ्या त्या पहिल्या फोटोतल्या मागच्या इमारती कसल्या आहेत?" मार्नीनं सांगितलं. सांगतानाच तिला आपले कान तापल्याचं जाणवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं लिहायला घेतलं. यापुढे कुठल्याही मळ्यावरचं लग्न घेणार नाही, असं तिनं इंटरनेटवर जाहीर केलं. आजवर जिथे जिथे काम केलं त्या मळ्यांची नावं लिहिली. टॉलिव्हरांचं नाव सगळ्यात वर होतं, कारण तिथलं काम सगळ्यात जास्त होतं. 'माणसांना जिथे जनावरांसारखं ठेवलं, तिथे मी नवऱ्यामुलींना हसायला लावलं,' असं वाक्य तिनं लिहिलं, आणि खाली तो खोपटांसमोरचा फोटो जोडला. फोटोतल्या कमानीवरची फुलं तिच्याबरोबर काम करणाऱ्या व्हर्नेलची होती, म्हणून सवयीनं तिचंही नाव जोडलं.

संध्याकाळपर्यंत शेकडो लोकांनी तिचं कौतुक केलं. एसी बसवायची कामं करून घरी आलेल्या तिच्या नवऱ्यानं, क्लिंटनं, बूट काढता काढता ते वाचलं.

"साथीनं काम नेलं तेवढं पुरेसं नव्हतं वाटतं," तो म्हणाला. "उरलेलं तू स्वतः हाकलून दिलंस."

"कधीतरी कुणीतरी बोलायलाच हवं होतं, क्लिंट."

"हो, पण ते कुणीतरी आपल्याच घरात का राहतं?"

ती हसली नाही. त्यालाही हसू नको होतं. पण त्या रात्री मार्नीला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. व्हर्नेलचा फोन येईल, याची ती वाट बघत होती.

व्हर्नेल ग्रँट लग्नांत फुलांची सजावट करायची. दोघी बारा वर्षं त्याच लग्नांतून एकत्र राबल्या होत्या. कमान कुठे लावली की ऊन नीट येईल हे व्हर्नेलला सांगावं लागत नसे, आणि नवरीची आई फुलांवरून कटकट करायला लागली की मार्नी तिला फोटोच्या निमित्तानं बाजूला घेऊन जायची. व्हर्नेल काळी होती. त्या मळ्यांवर राबणाऱ्यांत काळी माणसं पुष्कळ असत, वाढपी, स्वयंपाकी, खुर्च्या मांडणारे. पण स्वतःच्या नावावर धंदा असलेली ती एकटीच. मार्नी तिला मैत्रीण म्हणायची. व्हर्नेल मार्नीला काय म्हणायची, हे मार्नीनं कधी ऐकलं नव्हतं.

आठवड्याच्या शेवटी फोन आला.

"वाचलंस ना?" मार्नीनं विचारलं.

"वाचलं. उद्या घरी ये. अंगणात बसू. मास्क लाव, आत आत्या आहे."

मार्नी पीचची टोपली घेऊन गेली. व्हर्नेलनं अंगणात झाडाखाली दोन खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. टोपली तिनं पायरीवर ठेवून घेतली आणि बसली.

"पेजचा फोन आला होता," ती म्हणाली. पेज म्हणजे टॉलिव्हरांच्या मळ्यावरचे समारंभ बघणारी मुलगी. "म्हणाली, यापुढे फुलं दुसरीकडून घेणार आहोत. फाटकाच्या कुलपाचा नंबर बदललाय, तेव्हा उगाच फेरी मारू नका, मॅम. मॅम म्हणाली बरं का. वळण चांगलं लावलंय आईबापांनी."

"पण तुझा काय संबंध? लिहिलं मी."

"फोटोवर माझं नाव आहे. त्यांना वाटलं, दोघींनी मिळून ठरवलं."

मार्नीनं फोन काढला. "मी आत्ता त्यांना फोन करून सांगते की..."

"थांब जरा. तुझं सांगून झालंय पुष्कळ." व्हर्नेलचा आवाज चढला नव्हता. "कामाचं मी बघून घेईन. साथीत तसंही कुणाचं काय चाललंय. मला सांग, फुलं लावून झाली की मी तिथे कुठे जायचे?"

"खोपटांच्या मागे. सिगरेट ओढायला."

"बारा वर्षांत माझ्या हातात सिगरेट बघितलीस कधी?"

मार्नीनं आठवून बघितलं. बघितली नव्हती.

मग व्हर्नेलनं सांगितलं. खोपटांच्या मागे, खाडीच्या उतारावर, झाडीत थडगी होती. दगड एकावरही नव्हता. जमीन जिथे खचलेली तिथे माणूस, असं ओळखायचं. वर रिवाजाप्रमाणे मांडलेले शंख, शिंपले, पांढऱ्या बशा, एके ठिकाणी बंद पडलेलं घड्याळ. तिच्या बापाची आई तिथे होती, आणि तिच्याआधीची सगळी. लग्नं लागत राहिली म्हणून फाटक उघडत राहिलं, आणि फाटक उघडत राहिलं म्हणून व्हर्नेल महिन्यातून एकदा तरी तिथे जाऊन पालापाचोळा काढत राहिली. उरलेली फुलं ठेवून यायची.

"कायद्यानं हक्क आहे भेटीचा," ती म्हणाली. "मागणी करायची, ते सोयीनं वार देणार, सोबत माणूस देणार. तो घड्याळाकडे बघत उभा राहणार. मला तसं नको होतं. मला फुलवाली म्हणून आत जायचं आणि कुणाच्या लक्षात न येता आजीपाशी बसायचं होतं."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर कॅमेरा घेऊन आली असतीस."

मार्नीला नाही म्हणता येईना. ती आली असती. फार हळुवारपणे, परवानगी मागून, पण आली असती.

"लिहिण्याआधी एक फोन करावा, असं नाही वाटलं तुला?" व्हर्नेलनं विचारलं.

"आमच्या गटात सांगतात की काळ्या मैत्रिणींना विचारू नये. त्यांच्यावर आपलं ओझं टाकू नये. आपलं आपण वाचावं, आपलं आपण करावं."

व्हर्नेल हसली, पण त्या हसण्यात गंमत काही नव्हती.

"म्हणजे मला त्रास नको म्हणून."

"हो."

"बरं," व्हर्नेल म्हणाली.

आतून कुणीतरी काठी आपटली. व्हर्नेल उठली. दारापर्यंत जाऊन ती थांबली आणि उरलेलंही तिनं सांगून टाकलं, जणू हातात धरून ती कंटाळली होती. तिची आत्या, इसोला, शहाऐंशी वर्षांची होती. मूत्रपिंडं गेली होती, आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला न्यावं लागे. आत्याला आईशेजारी पुरायचं होतं. दुसरं काही ती मागत नव्हती. पण त्या मळ्यात नवं दफन म्हातारे टॉलिव्हर असल्यापासून बंद होतं, आणि ते उघडणं फक्त त्यांच्या मुलीच्या, मिस एडीच्या हातात होतं; आजी झालेल्या बाईलाही तिकडे आदरानं 'मिस' म्हणत. व्हर्नेल गेली चार-पाच वर्षं मिस एडीच्या मागे होती. ख्रिसमसला हार पाठवायची, वाढदिवसाला लिलीची फुलं. गेल्या ख्रिसमसला मिस एडी पहिल्यांदा म्हणाली होती, "उन्हाळ्यात बघू."

"आणि हा उन्हाळा," व्हर्नेल म्हणाली आणि आत गेली.

मार्नी गाडीत जाऊन बसली. लिहिलेलं काढून टाकावं म्हणून तिनं फोन हातात घेतला, मग खाली ठेवला. काढून काय होणार होतं? ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं. आणि त्यात लिहिलेला शब्दन् शब्द खरा होता. आपण खरं बोललो आणि त्यानं एका म्हातारीची जागा गेली, या दोन गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी बसेनात.

गुरुवारच्या बायका आता तिला मान द्यायच्या. दोन जोडप्यांनी केवळ तिचं ते लिहिणं वाचून पुढच्या वर्षीचं लग्न तिच्याकडे दिलं. त्यात एक काळं जोडपं होतं. त्यातली मुलगी, किआरा, फोनवर म्हणाली होती, "माझ्या आजीला तुमचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, हिच्याकडेच दे." हे व्हर्नेलला सांगावंसं वाटलं, पण सांगायला तोंड नव्हतं.

ऑगस्टात तिनं व्हर्नेलला फोन करून विचारलं, "मी जाऊन मिस एडीशी बोलू का?" व्हर्नेलनं हो-नाही काहीच म्हटलं नाही. ऑक्टोबरात तिचा आपणहून फोन आला. आत्या उपचाराच्या खुर्चीतून उठताना पडली होती.

"जा," व्हर्नेल म्हणाली. "काय मागते ते ऐकून घे. कबूल काही करू नकोस. आधी मला येऊन सांग."

मिस एडीनं तिला मागच्या ओसरीवर बसवलं. बहात्तर वर्षांची बाई, केस नीट बसवलेले, कानात मोती. मोलकरणीनं बर्फ घातलेला गोड चहा आणून ठेवला. मिस एडीनं मार्नीच्या आईची चौकशी केली, क्लिंटच्या कामाची केली. मग म्हणाली, "तुझं लिहिलेलं मी चष्मा लावून दोनदा वाचलं."

"खोटं नाही लिहिलं मी, मिस एडी."

"खोटं कुठे म्हणते मी? उद्धट म्हणते. किती लग्नं केलीस गं तू माझ्या दारात? तेव्हा विटा चांगल्या होत्या."

हे तर तिनं स्वतःच लिहिलं होतं. पण मिस एडीच्या तोंडून ते वेगळं ऐकू आलं.

"व्हर्नेलचा त्यात काही हात नव्हता," ती म्हणाली. "तिला ठाऊकही नव्हतं."

"असेल. ती शहाणी आहे." मिस एडीनं चहात चमचा फिरवला. "इसोलानं मला वाढवलंय. माझे केस तीच विंचरायची. माझी आई मला कमी आठवते आणि इसोला जास्त. तिला हातभर जागा द्यायला मला काय जड आहे? पण मी द्यायची, आणि बाहेर माझ्या नावानं बोंब मारणारी ती तशीच मारत राहणार, हे नाही चालायचं."

मग तिनं काय हवं ते सांगितलं. आवाज अगदी मऊ होता, जेवणाचा बेत सांगावा तसा. ते लिहिलेलं काढायचं. त्याजागी लिहायचं की मी घाईत अन्याय केला, टॉलिव्हर घराण्यानं आपल्या माणसांना नेहमीच सांभाळलं आहे. आणि एप्रिलमध्ये नातीचं लग्न आहे, त्याचे फोटो मार्नीनं काढायचे. खोपटांपाशीसुद्धा.

"नातीला तोच फोटो हवाय," मिस एडी म्हणाली. "तुझ्याच वेबसाइटवर बघितला होता तिनं."

मार्नी तिथून थेट व्हर्नेलकडे गेली. थंडी पडायला लागली होती, म्हणून या वेळी व्हर्नेलनं तिला स्वयंपाकघरात घेतलं, खिडक्या उघड्या ठेवून. शेगडीवर भेंडीचा रस्सा रटरटत होता. टेबलाशी इसोला आत्या बसली होती, अंगाभोवती शाल, हाताची त्वचा सुयांनी काळीनिळी. मार्नीनं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता.

व्हर्नेलनं शेगडी बंद केली. "आपली माणसं," ती म्हणाली. "आणि ते हिनं लिहायचं. नाही. हे नाही होणार."

"का नाही होणार?" आत्यानं विचारलं.

"आत्या, ते खोटं आहे."

"एडीला खोटं ऐकायची सवय आहे. मीच लावलीये. रोज रात्री निजवताना म्हणायचे, तू माझी सगळ्यात लाडकी. घरी माझी स्वतःची तान्ही रडत असायची." आत्यानं मार्नीकडे बघितलं. "तू लिहिशील?"

"तुम्ही म्हणाल तर लिहीन, मिस इसोला."

"मी म्हणेन तर, असं नाही. तू लिहिशील का?"

मार्नीनं मान डोलावली. "लिहीन."

"मग लिहू दे तिला. मला आईपाशी जायचंय. बाकीचं तुमचं तुम्ही बघा, मी असणार नाही बघायला."

मार्नी निघाली तेव्हा व्हर्नेल तिच्यामागे गाडीपर्यंत आली.

"एक ऐक," ती म्हणाली. "का लिहिलंस ते कुणाला कळता कामा नये. तुझ्या त्या गुरुवारच्या बायकांनाही नाही. माझ्या आत्याच्या मातीवर तुमच्या मंडळात चर्चा झालेली मला नको. लोक तुला काय म्हणतील ते म्हणतील."

"म्हणू दे."

"आत्ता म्हणतेस. आणखी एक. हे तू माझ्यावर उपकार म्हणून करत नाहीयेस. तुझ्या हातून मोडलं, ते तू जोडतेयस. थँक्यू म्हणायचं माझ्या नशिबी आणू नकोस."

"नाही आणणार," मार्नी म्हणाली.

तिनं लिहिलं. 'आपली माणसं' हे दोन शब्द लिहायला तिला अख्खी सकाळ लागली. मग जुनं काढलं, नवं घातलं, आणि फोन कपाटात टाकून भांडी घासायला गेली.

जे व्हायचं ते झालं. पहिल्यांदा ज्यांनी पाठ थोपटली होती तेच आता सगळ्यात पुढे होते. धंदा बसायला लागला तशी शेपूट घातली, असं कुणी लिहिलं. मळेवाल्यांनी विकत घेतली, असं कुणी. गुरुवारच्या गटात तिला समोर बसवून विचारलं गेलं. गट चालवणारी बाई प्रेमळ होती, ओरेगनमध्ये राहायची. ती म्हणाली, "मार्नी, तुला भीती वाटली असेल तर सांग. आम्ही समजून घेऊ. पण कारण काय, ते तरी सांग."

सगळ्याजणी स्क्रीनवरच्या चौकोनी खिडक्यांतून तिच्याकडे बघत होत्या. सांगितलं असतं तर त्या क्षणी त्यांनी तिला डोक्यावर घेतलं असतं. ते शब्द जिभेवर आले होते, हे मार्नीला नंतरही विसरता आलं नाही.

"कारण नाही सांगता येणार," ती म्हणाली. गटानं तिला काही काळ बाहेर राहायला सांगितलं. तो काळ कधी संपला नाही.

किआरानं भांडण केलं नाही. तिनं छोटासा निरोप पाठवला, की आम्ही दुसरीकडे बघतोय, आजीला फार वाईट वाटलं. तो निरोप मार्नीनं किती वेळा वाचला, हे तिचं तिलाच माहीत.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, काम परत आलं. साथ ओसरली तशी मळ्यांवरची लग्नं पुन्हा सुरू झाली आणि त्या लोकांना मार्नी आता विशेष आवडायला लागली. क्लिंट खूश होता. "आली ना गाडी रुळावर," तो एकदा जेवताना म्हणाला, आणि ती ताट तसंच सोडून उठल्यावर त्याला काही कळेना. त्यालाही तिनं सांगितलं नव्हतं. तो चारचौघांत बोलून गेला असता.

एप्रिलमध्ये टॉलिव्हरांच्या नातीचं लग्न झालं. फुलं चार्ल्सटनहून आली होती. संध्याकाळी ऊन विटांवर पडलं, नेहमीसारखंच, आणि मुलगी तिथे जाऊन उभी राहिली. चांगली पोर होती, लाजरी. मार्नीनं फोटो काढले. त्या झाडीकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ती सारखी तिकडेच बघत होती. तेवढ्यात मिस एडी शेजारी येऊन उभी राहिली, तिनं मार्नीच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "बघ, किती सुंदर." हात बराच वेळ तिथेच होता.

इसोला आत्या जूनच्या पहिल्या आठवड्यात गेली. मिस एडीनं शब्द पाळला, पण आपल्या पद्धतीनं. दफन मंगळवारी सकाळी, कारण त्या दिवशी मळ्यावर पाहुणे नसत. माणसं वीसच. गाणी नको, आवाज पाण्यावरून बंगल्यापर्यंत येतो. आत्याच्या चर्चमधल्या बायका फाटकाबाहेर रस्त्यावर उभ्या राहून गायल्या, असं मार्नीला नंतर कळलं.

आदल्या दिवशी तिनं व्हर्नेलला फोन केला होता. येऊ का, असं विचारायला तोंड उघडायच्या आत व्हर्नेल म्हणाली, "नको येऊस. वीसच माणसं आहेत. आमची चाळीस घरची आहेत आणि त्यातल्या कुणाला नाही म्हणायचं ते मी काल दिवसभर ठरवतेय."

"नाही येत."

"आत्यानं तुझी आठवण काढली होती. म्हणजे, ती फोटोवाली ती, असं म्हणाली. नाव आठवेना तिला."

मंगळवारी मार्नी घरीच होती. तिनं कपडे धुतले, वाळत घातले, आणि दोरीखालीच खुर्ची टाकून बसून राहिली.

आठवड्याभरानं टॉलिव्हरांच्या मळ्याच्या वेबसाइटवर एक फोटो आला. झाडीत, उघड्या खड्ड्यापाशी, मिस एडी काळ्या पोशाखात शवपेटीवर हात टेकून रडत होती. रडणं खरं होतं, ते कुणालाही दिसलं असतं. खाली लिहिलं होतं, की आमच्या मातीनं आमच्या सगळ्या लेकरांना सामावून घेतलं आहे. त्याच पानावर नातीचा खोपटांपाशी काढलेला फोटो होता, आणि लग्नाच्या तारखांसाठी पेजचा फोन नंबर.

व्हर्नेलचा फोन संध्याकाळी आला.

"तो फोटो तू काढलास?"

"नाही. मी तिथे नव्हते, व्हर्नेल. पेजनं काढला असेल फोनवर."

"माहितीये मला. तरी विचारायचं होतं." मागे कुठेतरी टीव्ही चालू होता. "माझ्या भावाचा मुलगा म्हणतो, यावर लिहू, सगळ्यांना सांगू काय काय झालं ते. मी म्हटलं, मग फाटक बंद. आता आत्यापण आत आहे."

"मी काही करू शकते का?"

"नाही," व्हर्नेल म्हणाली. त्यात राग नव्हता. "जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेव," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्यानंतर मळ्यावरून काम आलं की मार्नी तारीख मोकळी नाही असं सांगायची. टॉलिव्हरांना तसं सांगितलं, दुसऱ्यांनाही. कारण द्यायची नाही. पुन्हा काही जाहीर करायचं नाही, कारण जाहीर केलं तर ते कुणाच्या अंगावर जाईल हे तिनं बघितलं होतं. हळूहळू तिकडून फोन यायचे थांबले. पहिल्यांदा कौतुक करणाऱ्या लोकांनी तर तिला केव्हाच सोडलं होतं. शाळेतल्या मुलांचे फोटो, चर्चच्या हॉलमधली छोटी लग्नं, विमा कंपनीच्या लोकांचे चेहरे, असं ती करत राहिली. बरी कामं आली तर शहरातल्या दोन काळ्या फोटोग्राफरांची नावं सुचवायची. त्यांतल्या एकीनं तिचा फोन कधी उचलला नाही. मार्नीनं तरी तिचं नाव सुचवायचं सोडलं नाही. क्लिंट सुरुवातीला चिडला, मग त्यानं शनिवारीही कामाला जायला सुरुवात केली. दोघं त्यावर बोलायची नाहीत.

पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात एका चर्चच्या हॉलमध्ये तिला आणि व्हर्नेलला पुन्हा एकत्र काम मिळालं. नवरीनं दोघींना वेगवेगळं ठरवलं होतं. हॉलला खिडक्या उंचावर होत्या, उजेड कमी होता. व्हर्नेल शिडीवर उभी राहून कमान बांधत होती, मार्नी खाली दिवे लावत होती. कामापुरतं बोलणं झालं. नवरीची मावशी, निळ्या टोपीतली एक भारदस्त काळी बाई, मार्नीकडे बघत बघत जवळ आली.

"तुम्हीच ना त्या," ती म्हणाली, "मळ्यांवर आधी लिहिलं आणि मग पलटलात?"

शिडीवरची कात्री थांबली.

"हो," मार्नी म्हणाली. "मीच."

मावशीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "फोटो चांगले काढा म्हणजे झालं. माझी एकुलती भाची आहे," ती म्हणाली आणि खुर्च्यांकडे निघून गेली.

कात्री पुन्हा सुरू झाली. कमान पूर्ण झाल्यावर व्हर्नेल खाली उतरली, हात पुसले, आणि मार्नीच्या शेजारी उभी राहून थोडा वेळ कमानीकडे बघत राहिली.

"काहीतरी बोलायचं होतंस," ती हळू आवाजात म्हणाली.

"काय बोलणार?"

व्हर्नेलनं विचार केला. "तेही खरंच," ती म्हणाली, आणि शिडी उचलून मागच्या दारानं बाहेर घेऊन गेली. मार्नीनं दिवा थोडा वर केला. हॉलमध्ये माणसं यायला लागली होती.